मी बाटलीत मावत नाही

मी कोएन्झाइम क्यू बोलतोय. ओळखलं नाहीत ना? चालेल. या घटकेला तुमच्या काळजात मीच राबतोय. अन्नातून ताकद काढायच्या कामात इकडचा माल तिकडे पोचवणारा हमाल समजा मला. लोक मला जीवनसत्त्वांच्या रांगेत उभं करतात, पण मी तिथला नाही. मला तुमचं शरीर घरच्या घरी बनवतं.

आणि मी काही फक्त तुमचा नाही, बरं का! ही बेकरीच बघा. बेकरीवाल्याच्या छातीत मी आहे, पिठाच्या गोदामातल्या उंदरात आहे, पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्येही आहे. डोकं तेच, शेपटी तेवढी लहानमोठी: माणसात दहा कड्यांची, उंदरात बहुतेक नऊ, यीस्टमध्ये सहा. दूध विरजवणाऱ्या जंतूंचं मात्र माझ्यावाचून काही अडत नाही. नसू दे. मीही त्यांच्या दारात गेलो नाही.

बेकरीवाल्याचं हृदय थकलंय. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. तेवढ्यात त्याचा मेहुणा, म्हणजे बायकोचा थोरला भाऊ, माझी बाटली घेऊन आला. हे तत्त्व फार दुर्मिळ, हृदयाला हेच लागतं, आता गोळ्या कशाला, असं त्यानं छातीठोकपणे सांगितलं. दुर्मिळ? मी? त्या उंदराला विचारा! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

बेकरीवाल्याला गोळ्यांचा कंटाळा होताच. त्यानं त्या यीस्टच्या रिकाम्या डब्यात लपवल्या आणि माझ्या कॅप्सूल गिळायला लागला. पण डॉक्टरांच्या गोळीचं काम मला येत नाही, येणारही नाही. त्याचे पाय सुजले, बूट चढेनात. आडवं झालं की जीव गुदमरायचा. मी आत धावत होतो आणि ते काळीज दमत चाललं होतं. हा माणूस हातचा जाणार, अशी मला धास्ती बसली.

एकदा बायकोनं यीस्टसाठी नेमका तोच डबा उघडला. मेहुणा चहा पीत बसला होता. आत नवऱ्याच्या गोळ्या निघाल्या. डबा तिनं भावापुढे ठेवला.

"दादा, तुझी रक्तदाबाची गोळी बंद केलीस का?"

"माझं वेगळं आहे," तो पुटपुटला.

"वेगळं काय? तुझा जीव तो जीव, आणि ह्यांचा?"

मेहुण्यानं कप खाली ठेवला. मान खाली घालून उठला आणि बेकरीवाल्याला हाताला धरून डॉक्टरकडे घेऊन गेला.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. परवा बेकरीवाल्याच्या पायात बूट चढले, तेव्हा बायको भट्टीकडे तोंड करून रडली. श्रेय मला देऊ नका, माझं त्यात काही नाही. बाटली गोदामात पडलीय. उंदरानं झाकण कुरतडलं, एक कॅप्सूल हुंगली आणि सोडून दिली. त्याच्यापाशी मी आहेच की.

मी कुणाच्या मेहेरबानीवर जगत नाही आणि दुसऱ्याच्या जागेवर बसणार नाही. उद्या माझं नाव घेऊन कुणी तुमचं औषध बंद करायला आला, तर त्याला एवढंच विचारा: तुझं केलंस का?