करंगळी

ठसेबाईंचं खरं नाव कचेरीत कुणाच्या लक्षातही नव्हतं. धान्याच्या कार्डासाठी येणाऱ्यांची बोटं यंत्रावर दाबून घ्यायची, बारा वर्षं त्यांचं हेच काम. जीभ तिखट, पण रांगेतल्या म्हातारीला आपली खुर्ची देणाऱ्याही त्याच.

त्या दिवशी समोरच्या बाईचं एकही बोट यंत्र घेईना. अंगठे झाले, उरलेली आठही झाली, दिवा आपला लालच.

"हात धुऊन आलीस का गं?"

"घासून घासून धुतलेत, ताई. हॉटेलांसाठी लसूण सोलते मी, भिजवलेला. सालीबरोबर आपली कातडीपण जाते." बाई उगाच हसली. "ठसा नाही म्हणून दोन महिने कार्ड अडलंय, धान्य मिळत नाही. आज तरी बघा काहीतरी."

घरातल्या एकाचा तरी ठसा लागतोच, त्याला इलाज नव्हता.

"घरी आणखी कोण?"

"ही एवढीच." बाईने पदरामागची मुलगी पुढे केली. असेल आठ-नऊ वर्षांची.

"हीसुद्धा सोलते?"

"छे हो! लसणाला हात लावू देत नाही मी हिला. शाळेत जाते, खेळते."

चला, देव पावला, असं म्हणत ठसेबाईंनी मुलीचा अंगठा काचेवर ठेवला. लाल. दुसरा अंगठा, तोही लाल. त्यांनी काच पुसली, यंत्राच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणखी दोन बोटं लावून पाहिली. मग सहज तिचा हात उलटा केला. बोटांची टोकं लालसर, गुळगुळीत, रेघ म्हणून नाही. आईने मान खाली घातली. खोटं बोलल्याबद्दल तिला फाडून खायला हवं होतं, पण ठसेबाईंनी मुलीचा हात तसाच धरून ठेवला.

"करंगळी बघा ना, मावशी," मुलगी हळूच म्हणाली. "सोलताना ती लागत नाही."

करंगळी लावली आणि दिवा हिरवा झाला. कार्ड मंजूर झालं. ठसेबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले, आणि कुणी बघतंय याची त्यांना लाज वाटली नाही.

आई मुलीसमोर उकिडवी बसली. तिची करंगळी तिने मुठीत घट्ट धरली.

"ही आता जपायची हं. पाण्यात घालायची नाही. दर महिन्याला लागेल."

"आणि बाकीची?"

"बाकीची चालतील," आई म्हणाली.