फाटक्या पुंगळ्या

थोरल्याने रायफलीचा सरकता बोल्ट मागे ओढला तर काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर आली खरी, पण अर्धीच. बुडाचा पितळी तुकडा ढेकळात पडला आणि पुढचा भाग रायफलीतच अडकून बसला. आता दुसरं काडतूस आत जाणार नव्हतं. बार झाल्याच्या आवाजाने रानडुकरं जरा पांगली होती, ती मक्याच्या पलीकडच्या टोकाला जाऊन पुन्हा कणसं मोडायला लागली. थोरल्याने त्यांना सात पिढ्यांसकट शिव्या घातल्या. डुकरांना त्याचं काही वाटलं नाही.

घरी आला तर बायको दारातच उभी होती.

"मारलंत का एखादं?"

"बाजूला हो."

"म्हणजे फाटली पुन्हा. अहो, गाल बघा आरशात! काळा झालाय नुसता. उद्या डोळा जाईल, मग मक्याचं काय करायचं ते मला सांगून ठेवा."

"मका राहिला तर सांगतो," तो म्हणाला आणि रायफल घेऊन पडवीत बसला.

बाबांच्या वेळची ही रायफल. बाबांच्या हातात तिने कधी कुरकुर केली नाही, आणि याच्या हातात आल्यापासून प्रत्येक बाराला तोंड वाकडं. त्याने आधी काडतुसांना दोष दिला. दुसऱ्या पेटीतली आणली, तीही फाटली. मग काडतूस बसतं ती जागा घासूनपुसून लख्ख केली. तरीही पुंगळी फाटायची ती बुडाच्या जरा वर, चाकूने कापल्यासारखी गोल, आणि फटीतून आलेला धूर मागे तोंडावर. तालुक्याच्या बंदूकवाल्याने रायफल हातात घेऊन उलटीसुलटी केली आणि म्हणाला, "म्हातारी झाली. टांगा भिंतीवर, शोभा येईल." थोरला तिथून निघाला तो घरापर्यंत एकटाच बडबडत आला. अर्धं शेत डुकरांनी लोळवलेलं, उरलेलं अर्धं वर्षभर पुरवायचं, आणि हा शहाणा शोभेच्या गोष्टी करतोय!

अडकलेला तुकडा त्याने नळीतून गज घालून ठोकून काढला. बोल्ट पुसता पुसता त्याचा अंगठा बोल्टाच्या मुठीवर कोरलेल्या आकड्यावरून फिरला. रोज फिरत होता. आज मात्र त्याने रायफलीच्या अंगावरचा आकडाही वाचला आणि पुसायचं फडकं हातातच राहिलं. दोन्ही आकडे वेगळे होते.

हा बोल्ट या रायफलीचा नव्हताच. बाबा सांगायचे, या जुन्या रायफलींचे बोल्ट एकेकीला घासून बसवलेले असतात, दुसरीचा चालत नाही. हा बोल्ट केसभर आखूड, म्हणून काडतुसाच्या मागे फट राहत होती. बार झाला की पितळ त्या फटीत मागे ताणलं जायचं आणि फाटायचं. एवढी साधी गोष्ट! आणि तो काडतुसं विकणाऱ्याच्या आईबापाचा उद्धार करत बसला होता.

पण बोल्ट बदलला कसा, हे आठवल्यावर त्याला स्वतःचीच चीड आली. बाबांकडे सारख्या दोन रायफली होत्या. त्या भिंतीवर असायच्या आणि बोल्ट मात्र आईच्या ट्रंकेत, फडक्यात गुंडाळून, म्हणजे कुणी पोरंटोरं खेळायला नकोत. वाटणीच्या दिवशी मामाने टोपीत चिठ्ठ्या टाकल्या. थोरल्याला आणि धाकट्याला एकेक रायफल गेली. मामा म्हणाला, "आता बोल्ट ज्याचे त्याला देऊन टाकतो." तर थोरलाच अडून बसला होता. "बोल्टांच्याही चिठ्ठ्या टाक. धाकट्याला चांगला कुठला ते माहीत असेल." धाकटाही कमी नव्हता. "टाक, टाक! मलाही उपकार नकोत." मामाने कपाळावर हात मारून घेतला आणि चिठ्ठ्या टाकल्या. त्या दिवसापासून दोघा भावांचं बोलणं बंद होतं.

"तुम्ही दोघं ना..." सगळं ऐकून बायको म्हणाली. "जा आता. बदलून आणा."

"मी जाऊ त्याच्या दारात?"

"मग डुकरांना पाठवू?"

बोल्ट खिशात घालून थोरला धाकट्याच्या अंगणात गेला. भावजय धान्य पाखडत होती, ती सूप टाकून उठली. "अहो, भाऊजी आलेत!" तिने आत ओरडून सांगितलं.

धाकटा बाहेर आला. त्याच्या उजव्या गालावर तसाच काळा डाग पाहून थोरला गुळमुळीत बोलायचं विसरला.

"तुझीपण फाटते?"

"तुला कुणी सांगितलं?"

"तुझ्या गालाने. बोल्ट आण तुझा. अदलाबदल झालेत आपले."

धाकट्याने बोल्ट आणला, पण तो देईना. हातात धरून खाली बघत राहिला.

"दादा, काडतूस घातलं की हा मिटतच नव्हता. सूतभर लांब होता."

"असणारच. माझ्या रायफलीचा आहे तो."

"म्हणून मग मी कानस मारली."

थोरल्याला क्षणभर कळलंच नाही. मग त्याने बोल्ट हिसकावून उजेडात धरला. बाबांनी जन्मभर तेलात ठेवलेल्या पोलादावर कानशीचे ओरखडे दिसत होते.

"किती घासलास?"

"मिटेपर्यंत. जरा जास्तच झालं. आता मिटतो, पण पुंगळ्या फाटतात."

"गाढवा! विचारायचं तरी!"

"कुणाला? तू बोलत होतास का माझ्याशी?"

थोरला आणखी ओरडला. धाकटाही ओरडला. भावजयीने दोघांच्या मधे पाण्याचा तांब्या आणून ठेवला तेव्हा कुठे ते दमून ओट्यावर बसले. थोरल्याच्या रायफलीला आता बोल्टच राहिला नव्हता. एकच जोडी शाबूत होती, धाकट्याची रायफल आणि थोरल्याच्या खिशातला बोल्ट.

"दे तो," धाकटा म्हणाला.

"फुकट? माझ्या वाटणीला आलाय. तूच रायफल दे."

"रायफल माझ्या चिठ्ठीत निघालीय."

भावजयीने कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी फटफटताना धाकटा रायफल घेऊन मक्याच्या बांधावर आला आणि थोरला बोल्ट घेऊन. थोरल्याने बोल्ट बसवला. तो सुतासारखा सरकला आणि मिटला. धाकट्याचा नेम पहिल्यापासून चांगला, हे थोरल्याला कबूल नव्हतं पण माहीत होतं. डुक्कर पुढे आलं तशी त्याने रायफल धाकट्याकडे ढकलली. बार झाला. डुक्कर चार पावलं धावून कोसळलं आणि बाकीचा कळप ओढ्याकडे पळत सुटला. थोरल्याने ऊन ऊन पुंगळी उचलून फिरवून फिरवून बघितली. अख्खी होती. त्याचे डोळे भरून आले आणि त्याचाही त्याला राग आला.

त्याने बोल्ट काढून खिशात घातला. धाकट्याने रिकामी रायफल खांद्यावर टाकली.

"उद्या?" धाकटा म्हणाला.

"मग काय, डुकरं तुला निरोप धाडून येणार आहेत?"

घरी बायकोने आधी गाल बघितला, मग विचारलं, "मिटलं का भांडण?"

"कसलं मिटतंय! हटून बसलाय बैल. रायफल सोडत नाही." तो चप्पल काढून आत आला आणि खाटेवर धपकन बसला. "उद्या पहाटे चहा दोघांचा दे. आणि साखर कमी घाल. त्याला गोड चालत नाही."