हात पुरेल तिथवर

कापडाला कात्री लावायच्या आधी माप पुन्हा एकदा घ्यायचं, हा मास्तरांचा जन्माचा नेम. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, त्याला दारातून परत बोलावतील, हात वर करायला लावतील आणि मगच कात्री उचलतील. या नेमापायी त्यांच्या शिलाईच्या दुकानाला उशिराचं नाव पडलं होतं, पण शिवलेला कपडा कधी परत आला नव्हता. आता दुकान बंद झालं आणि नेम तेवढा घरी आला. त्यानं त्यांच्या बायकोच्या जिवाला घोर लावला होता.

दुकानाच्या काचेत, रिळांच्या मधोमध, एक काळं इंजिन असायचं. खेळण्यातल्या नॅरोगेज गाडीचं, तर्जनीएवढं, मागं दोन डबे. आयांबरोबर आलेली मुलं त्याच्याकडे बघत गप्प उभी राहत, तेवढ्यात मास्तर माप उरकून घेत. "दुकान बंद केलं की हिला रूळ घालणार," असं ते वर्षानुवर्षं म्हणत आले. रुळांचं खोकंही आणून ठेवलेलं. दुकान बंद झालं ते मात्र त्यांच्या मर्जीनं नाही. आधी उजवा खांदा जड झाला, मग दंडाचं मांस वाळत गेलं, मग डाव्याचंही सुरू झालं. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, की हे हळूहळू पुढं सरकत राहील आणि मागं फिरणार नाही.

घरी आल्यावर मास्तरांनी दुकानातून आणलेल्या कापायच्या टेबलावर खाकी कागद पसरला.

गाडीचा आराखडा त्यांनी शर्टाच्या मापासारखाच धरला. खुर्ची टेबलाला लावली, हात लांब केला आणि बोटांत खडू धरून या कडेपासून त्या कडेपर्यंत एक कमान ओढली.

"या कमानीच्या आत सगळं बसवायचं."

"का? टेबल तर केवढं मोठं आहे," बायको म्हणाली.

"गाडी पडली तर उचलायला हात पुरायला हवा ना."

"मी उचलीन की."

"तू उचललीस तर ती तुझी गाडी झाली."

त्या कमानीत मास्तरांनी काय काय बसवलं नाही? दोन स्टेशनं, एक बोगदा, दगडाच्या खाणीकडे जाणारा फाटा, समोरून गाडी आली तर बाजूला थांबायला जास्तीचा रूळ. वळणं काढली ती शर्टाचा मुंढा, बाही जोडायची गोलाई, काढायच्या लाकडी पट्टीनं. खोक्यावर छापलं होतं, की ठरावीक मापाहून आखूड वळण दिलं तर इंजिन रुळावरून उतरेल. त्या मापाचं एक पुठ्ठ्याचं कडं त्यांनी कापून ठेवलं, म्हणजे गाडीची लहानात लहान फेरी. "नॅरोगेजची हीच तर गंमत. एवढ्याशा जागेत गिरकी घेते," ते म्हणाले. तेव्हा ते कडं कमानीच्या आत कुठल्या कुठं हरवून जात होतं.

शेजारचा सुतार रूळ बसवायची फळी कापायला आला. मास्तर म्हणाले, "थांब. एक ट्रायल बाकी आहे."

"झालं मग, वहिनी," सुतार भिंतीला टेकून बसत म्हणाला. "माझ्या लग्नाची पँट अजून ट्रायललाच आहे. मुलगी शाळेत जायला लागली."

"तुझं पोट एका मापावर राहत नाही, त्याला मी काय करू?"

तिघंही हसले.

मग ट्रायल झाली. हात लांब झाला, खडू टेकला. नवी कमान जुनीच्या आत पडली, दोन बोटं असेल. मास्तरांनी कागद गुंडाळून ठेवला आणि दुसरा पसरला. खाणीचा फाटा गेला. "खाणीत जातंय कोण आता," ते म्हणाले. पुढच्या खेपेला बोगदा गेला. आत गाडी अडकली तर दिसायची नाही म्हणे. मग दुसरं स्टेशन. दर खेपेला सुतार यायचा, चहा घ्यायचा, फळीवरून हात फिरवायचा आणि परत जायचा. हळूहळू त्यानं पँटचा विषय काढायचं सोडलं.

बायको रोज सकाळी हात जोडायची. आजवर तिनं देवाकडे पुष्कळ मागितलं होतं, मागताना कधी संकोच केला नव्हता. आता मागणं एवढंच उरलं होतं, की आजची कमान मागच्या कमानीवर पडू दे.

पडत नाही म्हटल्यावर एकदा तिनं स्वतःच पाडली. मास्तर तोंड धुवायला गेले होते तेवढ्यात खुर्ची टेबलाखाली थोडी आत सरकवून ठेवली. मास्तर येऊन बसले. खडू जुन्या रेषेवर नेमका टेकला. त्यांनी रेषेकडे पाहिलं, मग पोटाला लागलेल्या टेबलाच्या कडेकडे.

"अगं," ते हळूच म्हणाले, "गिऱ्हाईकाला बरं वाटावं म्हणून कंबर कमी लिहिली, तर पँट चढते का?"

"मग आज कापून टाका ना, अहो. आहे तेवढं कापा."

"आज कापलं आणि रूळ बसवून होईस्तोवर हात पुरेनासा झाला, तर? फळी वाया."

"जाऊ दे वाया."

"हे कुठं थांबतंय ते एकदा कळू दे. मग कापू."

थांबणार नाही हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. दोघांनीही ऐकलं होतं. तिनं खुर्ची मागं घेतली.

शेवटी आराखड्यात एकच फेरी उरली, पुठ्ठ्याच्या कड्याएवढी. त्या सकाळी मास्तरांनी हात लांब करायला घेतला, तर कोपर टेबलावरून उचललंच जाईना. त्याला आधार द्यायला तिचा हात पुढं झाला आणि तिनं तो मागं घेतला. खडूनं उमटली ती कमान कसली, ओरखडाच. मास्तरांनी मानेनं खूण केली. तिनं कडं कागदावर ठेवलं. ते निम्मं बाहेर राहिलं.

"नाही बसत," मास्तर म्हणाले. कापड कमी पडलंय हे गिऱ्हाईकाला सांगायचे, तसं.

"वळणच नको मग," ती म्हणाली. "सरळ घालू. या टोकाला तुम्ही, त्या टोकाला मी."

"मग ती तुझी गाडी."

"असू दे माझी. बघाल तर खरं."

सुतारानं टेबलावरच सरळ रूळ जोडले, वायर लावून दिली. तिनं बटण फिरवलं. इंजिन बारीक गुणगुणत निघालं, मागं डबे डुलत गेले. टोकाला तिनं गाडी उचलली, टेबलाला वळसा घालून मास्तरांसमोर आणून ठेवली, पुन्हा सोडली. दोन-तीनदा झाल्यावर तिच्या लक्षात आलं. गाडी हाताजवळ असेतोवर मास्तर बघत. हात पुरेल त्यापलीकडे गेली की नजर काढून घेत आणि ती परत येईपर्यंत टेबलाच्या लाकडाकडे बघत राहत.

"छान चालतेय की, मास्तर," सुतार म्हणाला.

"चालतेय," मास्तर म्हणाले. "ठेवून दे आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नेमानं हात जोडले. मागायचं काय ते सुचेना. नुसतीच उभी राहिली. तेवढ्यात आतून हाक आली.

"अगं, टेप आण. आणि तो पहिला कागद."

"आता काय आराखडा?"

"शर्ट. बाहीत हात जात नाही. तू रोज ओढतेस, मला दुखतं आणि तू तिकडं तोंड करून डोळे पुसतेस. खांद्यावर उघडणारा काढू. काजं तुझी."

"बेतायला कागद कोरा घेऊ की."

"एवढा मोठा दुसरा उरलाय कुठं?"

मास्तर सांगत गेले, ती मापं घेत गेली. दोन्ही स्टेशनं, बोगदा, खाण, सगळ्यांवरून तिनं शर्टाच्या रेघा ओढल्या. मुंढ्याला तीच लाकडी पट्टी लावली. कात्री उचलली आणि सवयीनं थांबली.

"माप परत घेऊ?"

"नको. काप."

"शिवणीत दाब किती सोडू? पुढं सैल करायला?"

मास्तरांनी स्वतःच्या दंडाकडे पाहिलं.

"कशाला?" ते म्हणाले. "वाढायचं थोडंच आहे."

तिनं खाणीच्या बाजूनं कात्री घातली.