नववा प्रश्न

मी दवाखान्याच्या रेकॉर्ड खोलीत कारकून होतो. १९७२ साली शरच्चंद्र डॉक्टरांनी तिथे एक अभ्यास काढला. मागच्या सहा वर्षांत गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरने गेलेल्या बायकांचे जुने कागद काढून मी एकेकीचा फॉर्म भरायचा. नववा आणि शेवटचा प्रश्न असा: नवऱ्याची सुंता झाली होती का?

सुंता झालेल्यांच्या बायकांना हा रोग कमी होतो, असं डॉक्टरांचं ठाम मत. समोरच्या खोलीतले डॉक्टर म्हणत, दोष कातडीचा नाही. अंघोळीला पाणी नाही आणि पोरींची लग्नं लवकर होतात, त्याचा आहे. दुपारच्या चहाला दोघांची रोज जुंपायची. मी बशीत चहा ओतून ऐकत बसे.

जुन्या कागदांत या प्रश्नाचं उत्तर कुठून असणार? डॉक्टर म्हणाले, "मार्तंडराव, नाव बघा आणि लिहा. त्यात विचारायचं काय?" मग काय, विश्वनाथ दिसला की 'नाही', रहमान दिसला की 'होय'. हातच्या काकणाला आरसा कशाला, असं माझंही मत झालं. दिवसाला वीस फॉर्म होऊ लागले.

अशा भरात सुमतीचा कागद हाती आला. माझी बायको. चार वर्षांपूर्वी याच दवाखान्यात गेली. शरच्चंद्र डॉक्टर तेव्हा इथे नव्हते, आणि मी आपणहून कुणाला सांगितलं नव्हतं.

आता सांगायची गोष्ट अशी की माझी सुंता झालेली आहे. लग्नाआधी कातडी आवळून फार त्रास व्हायचा, म्हणून जबलपूरला जाऊन करून घेतली. घरी परीक्षेचं निमित्त सांगितलं. कळलं असतं तर महाल वस्तीतल्या आमच्या गणगोताने मी बाटलो असाच डांगोरा पिटला असता. सुमतीला तेवढं सांगितलं. ती म्हणाली, "आता दुखत तर नाही ना?" एवढंच. ती गेली आणि मला पुरतं ओळखणारं माणूसच उरलं नाही. घरी बोलायला कुणी नसतं, हे एकवेळ चालतं. पण आपलं गुपित सांभाळायलासुद्धा कुणी नसतं, ते फार वाईट.

मी फॉर्मवर 'होय' लिहिलं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी लाल पेन्सिलीने ते खोडलं. "झोप लागली होती का, मार्तंडराव? हिंदू बाई आहे. हिचा नवरा वेळेवर शहाणा झाला असता तर वाचली असती बिचारी."

मला फार राग आला.

"चूक नाही साहेब. तो नवरा मी आहे."

डॉक्टरांनी पेन्सिल खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, "आणि बाकीचे फॉर्म?"

"बाकीच्यांना मी विचारलंच कुठे?"

रविवारी सायकल काढून कोराडीला गेलो. भरलेल्या फॉर्मांतल्या नवऱ्यांना आता खरंच विचारायचं होतं; पहिला पत्ता लहानूचा. तिथे वीजघराचं बांधकाम चाललं होतं, त्यावर तो मजूर होता. झोपडीत एकटाच भाकर भाजत होता. मी मान खाली घालून नववा प्रश्न विचारला. वाटलं, आता हा चुलीतलं लाकूड उचलतो.

"नाही गा बाबू, आमच्यात नाही करत," तो म्हणाला. मग तव्यावरची भाकर उलटून, "आनखी इचार ना. ते गेली तवापासून तिची गोष्ट कोनं काढलीच नाही."

नवव्या प्रश्नानंतर फॉर्मवर विचारायला काही उरलं नव्हतं. मी तो खिशात घातला, त्याच्या बाजेवर बसलो आणि विचारलं, "स्वभावाने कशी होती?"