हात कापलेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. मला हात नाहीत. घडवली तेव्हा होते, चांगले रुंद, कोपर टेकवून माणसाने निवांत विचार करावा असे. ते कसे गेले, हे सांगायला आज बसले आहे. बसले म्हणजे उभीच आहे; खुर्चीच्या नशिबी बसणे कुठले!

विद्यापीठाच्या सुतारशाळेत माझा जन्म झाला. भूगोल विभागातल्या एका तरुण प्राध्यापकाच्या वाट्याला मी आले आणि त्यांच्यासोबतच म्हातारी झाले. ते नद्या शिकवायचे. नदी गाळ कुठून आणते आणि कुठे टाकते, हे सांगताना त्यांची जीभ थकत नसे. म्हणून मुलांनी त्यांचे नाव ठेवले गाळसर. विद्यार्थ्याचे ऐकायचे असले की ते माझ्यावर बसत. स्वतः बोलायची वेळ आली की दोन्ही तळवे माझ्या हातांवर दाबून उठत. बसून त्यांनी कधी शिकवले नाही. माझ्या हातांचे पॉलिश त्यांच्या तळव्यांनीच गेले, आणि मला ते भूषण वाटे.

निवृत्त होताना त्यांनी विभागाकडे भेट म्हणून मलाच मागितले. आम्ही दोघे घरी आलो आणि हळूहळू त्यांचा फोन वाजेनासा झाला. सर खिडकीकडे तोंड करून बसून राहत. मग सुनेने निवृत्त प्राध्यापकांच्या एका मंडळात त्यांचे नाव घातले. दर आठवड्याला संगणकासमोर बसायचे. आधी एक ताई खुर्चीत बसून करायचे व्यायाम घेत, मग कुणा सभासदाचे व्याख्यान होई. पुढे गाळसरांचीही पाळी होती. त्या एका आशेवर ते पुन्हा रोज दाढी करू लागले.

पहिल्याच दिवशी ताईंनी सांगितले, "खुर्ची बिनहातांची घ्या हं."

"अहो, जेवणाच्या टेबलाची घ्या की," काकू म्हणाल्या. काकू म्हणजे सरांची बायको.

"तिच्यावर बसलं की आपल्याच घरात पाहुणा झाल्यासारखं वाटतं."

"मग हिच्यावरच बसा, हातांसकट. ताई काय घरी येऊन बघणार आहेत?"

"सूचना म्हणजे सूचना. समास सोडला नाही म्हणून मी पोरांचे गुण कापलेत."

"गुण कापलेत ते कापलेत, आता खुर्ची नका कापू!"

पण सुतार आलाच. "परत जोडून मागाल तर जमणार नाही, सर," एवढे बोलून त्याने करवत लावली. सर लांबून पाहत होते. काम झाल्यावर म्हणाले, "झकास! आता अगदी नियमात."

त्या दिवसापासून काकू त्यांना दंडाला धरून उठवू लागल्या. सरांना त्याची चीड यायची.

शेवटी त्यांची पाळी आली. सरांनी इस्त्रीचा सदरा घातला. काकूंना बजावले, "आज मध्येच आत येऊ नकोस. व्याख्यान आहे."

"बरं बाई. तुम्ही बोलवाल तेव्हाच येते."

व्यायाम आटोपला. मंडळाचे चिटणीस, तेही निवृत्त प्राध्यापकच, पडद्यावरून म्हणाले, "सर, बसूनच बोला. उगाच त्रास नको."

"छे! नदीवर बसून बोलायचं?" सर हसले. सवयीने तळवे खाली गेले. तिथे नुसती हवा होती. सर एका कुशीवर कोसळले.

पडद्यावर उरले मी. साऱ्या विद्वानांची तोंडे माझ्याकडे लागलेली.

"वा! सर किती छान वाकले बघा," ताई म्हणाल्या.

"वाकले कसले, नेट गेलं असेल," एक सभासद म्हणाले.

"कॅमेरा हललाय हो. दोन मिनिटं थांबू."

चिटणीस थांबले नाहीत. त्यांनी पुढच्या आठवड्याचा विषय जाहीर करून टाकला: मन प्रसन्न कसे ठेवावे.

सर माझ्या पायाशी पडले होते. त्यांनी हाक मारली नाही. माईक चालू होता. आपले विव्हळणे सगळ्यांना ऐकू जाईल याची त्यांना लाज वाटली. दात ओठांत रुतवून ते पडून राहिले. काकू दाराबाहेरच होत्या, सांगितल्याप्रमाणे. मंडळी एकेक करून निघून गेली. मगच सरांनी बायकोला हाक मारली.

खुब्याचे हाड मोडले होते. मंडळाकडून फुलांची चित्रे आली, अगदी ढिगाने. ताईंनी पलंगावरचे व्यायाम पाठवले. चिटणीसांचा निरोप आला की सरांनी झोपूनच व्याख्यान द्यावे, हल्ली सगळे चालते.

काकूंनी संगणक उशाशी आणला. "सांगा ना आता. नदीसुद्धा आडवीच असते की."

"नदी आडवी असते गं," सर म्हणाले, "सांगणारा उभा लागतो. बंद कर ते."

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवले. त्यानंतर सर उठले नाहीत, आणि गाळाविषयीही कधी बोलले नाहीत. मला गच्चीत ठेवले आहे. माझ्यावर ओली पायपुसणी वाळतात.

मित्रांनो, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला व्यायाम शिकवा, हसवा, चार माणसांत बसवा. पण तो कशाच्या आधाराने उठतो, ते आधी बघा. आणि तुमच्या पडद्यावरून कुणी एकदम दिसेनासा झाला, तर नेटला बोल लावण्याआधी त्याला नावाने हाक मारा. तो खालीच असेल. लाजेने गप्प असेल.