डावा-उजवा जिना

"बाबा, टेप राहू द्या. जिन्याचं काम मी दुसऱ्याला दिलंय."

मुलगी सरळ तोंडावर म्हणाली. तिच्या नव्या घराच्या भिंती नुकत्याच उभ्या राहिल्या होत्या, वर जायला अजून गवंड्यांची शिडीच होती. मी मात्र सकाळपासून मनात पायऱ्या मोजत आलो होतो. चाळीस वर्षं लोकांचे जिने केले मी. ओढायचे खण असलेल्या पायऱ्या केल्या, दुकानात भिंतीला दुमडून ठेवायचा जिना केला, एका ऑफिसात तर अर्ध्या पायऱ्या चढायला आणि अर्ध्या बसून डबा खायला. आणि पोटची पोर म्हणते, दुसऱ्याला दिलंय! नाकाला मिरच्याच झोंबल्या माझ्या.

खरं सांगायचं तर कामाची हाव नव्हती. बायकोला जाऊन आठ महिने झाले होते. हा जिना मिळाला असता तर दोन-अडीच महिने रोज इथे यायला कारण मिळालं असतं. दुपारी कुणीतरी 'जेवलात का' म्हणून विचारलं असतं.

"कोण आहे तो शहाणा?"

"आहे एक. साधा जिना करतो. रुंद पायऱ्या, दोन्हीकडे कठडा."

"साधा! अगं, जागा किती खाईल तो! आपल्या घरी आहे तसा डावा-उजवा करू. निम्म्या जागेत बसतो."

डावा-उजवा ही माझी खास करामत. एका पायरीला फक्त डाव्या पावलापुरती फळी, पुढच्या पायरीला फक्त उजव्या पावलापुरती. उरलेली फळी कापून टाकायची. जिना चांगला खडा होतो, पण जागा वाचते. माझ्या घरातला बघायला लांबून लोक यायचे. मी धडाधड चढून दाखवायचो, बायको खाली उभी राहून बघायची.

"तोच नकोय मला," मुलगी म्हणाली. "आईला चढता येत नव्हता तो."

"काहीतरीच काय! वीस वर्षं चढली की ती."

"गुडघे धरल्यावर नाही. तिला प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवावे लागायचे. तुमच्या पायरीवर दुसरा पाय ठेवायला जागा कुठे होती, बाबा?"

"ती खाली झोपायची ती उकाड्यामुळे. वर फार उकडतं म्हणायची."

"थंडीतसुद्धा?"

सहा वर्षं ती खालच्या खोलीत दिवाणावर झोपली होती. बारा महिने. मी वर, ती खाली. मला वाटायचं, वय झालं की माणसं अशीच आपापली होतात.

"मला का नाही बोलली?"

"तुम्हाला त्या जिन्याचं केवढं कौतुक! 'सांगू नकोस हं त्यांना, हिरमुसतील,' म्हणायची. तुम्ही कामाला गेलात की ती वर जायची. रांगत. तुमची चादर बदलायला. एकदा मी पाहिलं तर शपथ घातली मला."

मी तिथेच विटांच्या ढिगावर बसलो. कुणाचंही काम घेताना माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, घरात गुडघेदुखी कुणाला आहे? हो म्हणाले की डाव्या-उजव्याचं नावही काढायचो नाही. परक्यांच्या घरी शेकडो वेळा विचारलेला हा प्रश्न मी माझ्या घरात एकदाही विचारला नव्हता.

"बाबा, पाणी आणू?"

"नको. त्यालाच करू दे जिना," मी म्हणालो. "साधाच बरा."

घरी येऊन आधी करवतच काढली. म्हटलं, हा तोडायचा आणि रुंद पायऱ्यांचा करायचा. कागदावर आकडे मांडले, दिवाण कुठे सरकवावा लागेल तेही बघितलं. मग एकदम हसूच आलं मला. कुणासाठी करतोयस आता, स्वतःलाच म्हटलं. आणि करवत तरी कशाला लागली असती? सहा वर्षांत एकदा मी खाली येऊन झोपलो असतो तरी भागलं असतं. इतकं साधं! एवढं डोकं लढवलं आयुष्यभर, आणि हे काही सुचलं नाही.

दिवस अजून मावळला नव्हता. मी वर गेलो, गादीची वळकटी केली आणि जिन्यावरून खाली सोडून दिली. ती दोन पायऱ्यांत अडकली, पायाने ढकलावी लागली. मग उशी काखेत मारून, एकेक पाय जपत मी उतरलो. दिवाणाशेजारी जमीन पुसून घेतली आणि गादी अंथरली. अगदी नीट मावली.