खऱ्या मापाचं पान

नवी वेबसाइट सुरू होऊन अकरा दिवस झाले आणि तिसरं पाकीट परत आलं. आत बॉबिन केस होती, शिलाई मशीनच्या पोटात खालच्या दोऱ्याची रीळ धरून ठेवणारी डबी. सोबत चिठ्ठी: 'बसत नाही. मास्तर असताना असं कधी झालं नव्हतं.' तिनं ती दोनदा वाचली आणि टेबलाच्या खणात ठेवून दिली. आधीच्या दोन तिथंच होत्या.

मास्तर म्हणजे तिचे बाबा. मशीनचे सुटे भाग विकायचं त्यांचं दुकान. पुढे काउंटर, मागे लांबट अरुंद खोली, जमिनीपासून छतापर्यंत पत्र्याचे छोटे छोटे कप्पे आणि एकच खिडकी, तीही शेजारच्या इमारतीच्या भिंतीला जवळजवळ टेकलेली. दोन महिन्यांपूर्वी बाबा गेले तेव्हा ती दुसऱ्या शहरातून दोन आठवड्यांची रजा टाकून आली होती. धाकटा भाऊ म्हणाला, दुकान मी बघतो, पण ते वेबसाइटचं मला झेपायचं नाही, तेवढं मार्गी लावून जा. तेवढं मार्गी लावता लावता रजा तीनदा वाढली. आता सोमवारी हजर झाली नाही तर तिची जागा दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल, असं ऑफिसातून अगदी गोड शब्दांत कळवलं होतं. आज गुरुवार होता.

वेबसाइट देखणी करणं हेच तिचं पोटापाण्याचं काम. त्यामुळे बाबांनी उतारवयात स्वतः शिकून, एकेक ओळ हातानं लिहून केलेलं ते पान तिला वर्षानुवर्षं सलत आलं होतं. निळ्यावर पिवळी अक्षरं. एकाखाली एक सव्वाचारशे भाग, कुठलं चित्र नखाएवढं तर कुठलं तळहाताएवढं. आणि सगळ्यात वर, काही कारण नसताना, एक काळा गोल आणि त्याच्या दोन बाजूंना अधिक-उणेची बटणं. सुट्टीत आली की ती नाक मुरडायची.

"बाबा, ही वेबसाइट आहे की भंगाराची यादी?"

"लोक इथं बघायला येत नाहीत गं, शोधायला येतात," ते मान वर न करता म्हणायचे. मी नीट करून देते म्हणाली, की तुला वेळ कुठाय, असं म्हणून विषय मिटवायचे. वेळ नव्हताच. तो आता काढला होता.

नवं पान तिनं जीव ओतून केलं. फिकट पार्श्वभूमी, भरपूर मोकळी जागा, प्रत्येक भाग एकसारख्या चौकोनात. भावानं मोबाइलवर कसाही फोटो काढला तरी तो आपोआप कापला जाऊन चौकोनात बसेल अशी सोय केली. तिची सुटका या सोयीवरच तर अवलंबून होती. एकदा हे भावाच्या हातात दिलं की कुणाला तिची गरज उरणार नव्हती. तो काळा गोल म्हणजे चष्मेवाल्यांसाठी चित्रं मोठी करायची काहीतरी युक्ती असावी, असं तिला वाटलं. हल्ली ते दोन बोटांनी होतं. तिनं तो काढून टाकला. भाऊ खूश झाला, आता कसं चार लोकांना दाखवण्यासारखं वाटतंय म्हणाला. आईनं पडद्याकडे बराच वेळ पाहिलं, "ह्यांचं कुठं गेलं?" एवढंच विचारलं आणि उत्तराला न थांबता आत गेली.

त्या गुरुवारीच दुपारी टाचणीकाकू आल्या. तीन गल्ल्या पलीकडे कपडे शिवायच्या, ओठांत कायम टाचण्या धरलेल्या, म्हणून हे नाव. टाचण्या न काढता बोलायची त्यांना इतकी सवय, की टाचण्या नसल्या की शब्द अडतात असं बाबा म्हणायचे. त्यांच्या हातात कापड पुढे सरकवणारी दात्यांची पट्टी होती, झिजून गुळगुळीत झालेली.

"तुझ्या पानावर सगळे सारखेच दिसतात बाई," त्या म्हणाल्या. "लग्नाला सजवून बसवल्यासारखे. यातला माझा कुठला?"

तिनं नाव विचारलं, मशीनचं मॉडेल विचारलं. काकूंनी दोन्हींना नाही अशी मान हलवली आणि जुनं पान शिल्लक आहे का विचारलं. लॅपटॉपमध्ये प्रत होती. तिनं उघडली. काकूंनी कमरेच्या बटव्यातून रुपयाचं नाणं काढलं, पडद्यावरच्या त्या काळ्या गोलावर अंगठ्यानं दाबून धरलं आणि उणेचं बटण दाबत राहिल्या. सगळं पान हळूहळू आक्रसलं. गोल नाण्याखाली नेमका झाकला गेल्यावर त्या थांबल्या, खाली सरकत गेल्या आणि आपली पट्टी एका चित्रावर टेकवली. लांब पडली. पुढच्या चित्रावर टेकवली. कड कडेवर बसली, भोकावर भोक आलं.

"हा," काकू म्हणाल्या.

ती पडद्याकडे पाहत राहिली. सव्वाचारशे चित्रं, प्रत्येक खऱ्या मापाची. आणि तिनं ती सगळी एका चौकोनात कोंबली होती.

"हे सगळ्यांना ठाऊक होतं?"

"पहिल्या खेपेला फोन केला की मास्तर सांगायचे. आमच्यातल्या निम्म्यांना भागांची नावं कुठं येतात? तुटलेलं हातात असतं, तेच त्याचं नाव."

"मग वर लिहायचं तरी," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्याहून मोठा निघाला. "एक ओळ. मला तरी सांगायचं."

काकूंनी नाणं परत बटव्यात टाकलं. "लिहिलं असतं तर फोन कुणी केला असता? त्यांना बोलायला आवडायचं." मग म्हणाल्या, "ते पिवळं मात्र मला कधी धड वाचता आलं नाही. तुझं वाचता येतं."

शुक्रवार-शनिवार ती मागच्या खोलीतून जेवण्यापुरतीच बाहेर आली. अक्षरं तिची ठेवली, रंग तिचे ठेवले, मापं बाबांची परत आणली. गोल वर आणला आणि त्याच्याखाली ठळक लिहिलं: आधी इथं रुपयाचं नाणं ठेवा. मापं खरी झाल्याबरोबर तिची सगळी मांडणी विस्कटली. एक दांडा पडद्याच्या बाहेर जात होता, त्याच्या शेजारचा स्क्रू तांदळाएवढा. किती वेळ ती त्यांना रांगेत बसवायला झटत होती. शेवटी सगळ्यांना डावीकडच्या एकाच रेषेला टेकवून लहानापासून मोठ्यापर्यंत लावलं, कारागीर हत्यारं मांडतो तसं. ते पाहून तिला बरं वाटलं. देखणं नव्हतं, पण बघवत होतं.

अडलं ते पुढेच. कसाही काढलेला फोटो आता चालणार नव्हता. प्रत्येक नवा भाग चौकटीच्या कागदावर ठेवायचा, बरोब्बर वरून फोटो घ्यायचा, पट्टीनं मोजून मिलिमीटर भरायचे. दर महिन्याला नवे भाग येत. कालच साठ भागांचं खोकं येऊन पडलं होतं. रविवारी सकाळी तिनं भावाला शिकवायला घेतलं. त्यानं तीन फोटो काढले, तिन्ही तिरपे. चौथ्याला काउंटरवरून हाक आली. परत आला तो घाम पुसतच.

"ताई, आधीचंच ठेव ना. छान होतं. तीन पाकिटं तर परत आली."

तिनं खण उघडून चिठ्ठ्या त्याच्यापुढे ठेवल्या. त्यानं वाचल्या, नीट एकावर एक ठेवल्या.

"मग दर वेळी हे करणार कोण?"

आई दारात उभी होती. उत्तर तिघांनाही ठाऊक होतं आणि ते दुसऱ्यानं द्यावं म्हणून प्रत्येक जण थांबला होता. चौकोनांचं पान तयारच होतं, एक बटण दाबलं की परत आलं असतं. भांडायलाही कुणी आलं नसतं. लोक नुसते यायचे थांबले असते, एकेक करून, आणि ती तोवर आपल्या शहरात, आपल्या खुर्चीवर असती.

तिनं खऱ्या मापाचं पान सुरू केलं. मग सोमवारी येत नाही, अशा दोन ओळी ऑफिसला लिहून पाठवल्या.

"थोडे दिवसच गं ताई," भाऊ म्हणाला.

ती हो म्हणाली. आईनं चौकटीचा कागद टेबलावर पसरला आणि त्याच्या कडा दोन्ही हातांनी दाबून धरल्या. तिनं खोकं फोडून पहिला भाग त्यावर ठेवला, खुर्चीवर चढून वरून फोटो घेतला आणि पट्टी लावली. एकोणतीस. तिनं आकडा भरला आणि खोक्यात पुन्हा हात घातला.